वळणाअलीकडचा बोर्ड

हमीद पेंटर गेला, त्याच्या तिसऱ्या दिवशी गावातली चार पोरं माझ्या ओसरीवर येऊन बसली. एकाच्या हातात मोबाईल.

"आबा, हमीदचाचाचा एखादा फोटो हाय का तुमच्याकडं? फाट्यावर श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचाय."

मी मोबाईल हातात घेतला. फ्लेक्सचा नमुना तयारच होता. वर मोठ्या अक्षरात भावपूर्ण श्रद्धांजली. मध्ये एक मोकळा चौकोन. आणि खाली ओळीनं सव्वीस तोंडं, निम्मी गॉगल लावलेली.

"ह्याच्यात मेलेला कोण हाय?" मी विचारलं.

पोरानं बोटानं नमुना सरकवला. मग एक म्हणाला, "आबा, तुमचा बी फोटो घेतलाय. सगळ्यात वर, मोठा. खाली माजी सरपंच लिव्हलंय."

खोटं कशाला सांगू, क्षणभर बरं वाटलं. वीस वर्षांमागं मी पाच वर्षं सरपंच होतो आणि ते कुणी विसरलेलं मला चालत नाही. पण ज्या माणसानं उभ्या जन्मात बोर्डावर एक शब्द जास्तीचा पडू दिला नाही, त्याच्या नावाखाली सव्वीस तोंडं लावायची म्हणजे त्याला परत मारायचं. मी म्हणलं, "फ्लेक्स नको. त्याच्याबद्दल काय लिहायचं ते मी लिहितो."

"तुमी? आबा, तुमी तर तिसरी."

"तिसरी पास हाय. नापास न्हाई. उठा."

तर हे ते लिहिणं. समोर मी त्याला हमीदभाई आणि तुमी म्हणायचो. लिहिताना तो म्हणतो. वयानं आम्ही बरोबरीचे होतो आणि आता तो काही रागावायला येत नाही.

पाटोद्याला आठवडी बाजाराच्या मागं, भुशाच्या दुकानाला लागून त्याचं पत्र्याचं शेड होतं. साऱ्या तालुक्याच्या दुकानांवर त्याच्या हातचे बोर्ड, पण स्वतःच्या शेडवर एक अक्षर नव्हतं. मी एकदा विचारलं, "दुनियेचे बोर्ड करता, सोताचा कावून न्हाई?" तर म्हणाला, "मला शोधणारा वासानं येतो." खरंच होतं. रंगात घालायच्या टरपेनचा वास भुशाच्या दुकानापासूनच सुरू व्हायचा.

अंगानं काटकुळा. अंगात कायम एकच खाकी सदरा, त्याची डावी बाही ब्रश पुसून पुसून पत्र्यासारखी कडक झालेली. रंगवताना उजव्या हाताखाली एक काठी धरायचा, काठीच्या टोकाला चिंधीचा गोळा, म्हणजे पत्र्यावर ओरखडा नको. ओळ आखायला सुताला खडू लावून फटका मारायचा. आणि रंगाच्या डब्यात ब्रश बुडवायच्या आधी गिऱ्हाईकाला दोन प्रश्न विचारायचा. कोण वाचणार? वाचून काय करणार? ह्याची उत्तरं मिळाली नाहीत तर डबा उघडत नव्हता. लोक चिडायचे. म्हणायचे, "हमीदभाई, आमी काय परीक्षेला आलोत का?"

"हौ," तो म्हणायचा. "आत्ता तुमची. मग बोर्डाची."

त्या काळी पेंटर लोक अक्षरावर भाव करायचे. अक्षरं जास्त तितकी पेंटरची मजा. आणि हा एकटा अक्षरं कापत बसायचा.

मांजरसुंब्याच्या अलीकडं हायवेला एक बाई सीताफळं घेऊन बसायची, कौसाबाई. मोठ्या झाडाखाली बसायची, माल डोंगरातला, चांगला, पण गाड्या थांबायच्या नाहीत. ती हमीदकडं आली आणि बोर्डाचा मजकूर सांगू लागली. आधी देवाचं नाव, मग ताजी, गोड, रसाळ, डोंगराची, उत्तम दर्जाची सीताफळे रास्त दरात मिळतील, आणि खाली तिच्या नवऱ्याचं आणि दोन पोरांचं नाव. मी त्या दिवशी शेडमध्ये चहा पीत बसलेलो. हमीदनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मावशे, उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो एका ओळखीच्या जीपमध्ये बसून तिच्या दुकानावरून चार वेळा गेला. डायवरला म्हणाला, रोज जितका पळवतोस तितकाच पळव. आणि झाडाखाली बाई दिसल्यापासून झाड मागं पडेपर्यंत आकडे मोजले. परत येऊन कौसाबाईला सांगितलं, "तुझ्याजवळ तीन आकडे हायत. एक, दोन, तीन, आन् गाडी गेली. तीन आकड्यात माणूस तीन-चार शब्द वाचतो. त्यातला एक तुझ्या नवऱ्याला देऊ का?"

"त्या मुडद्याला कशाला देता," कौसाबाई म्हणाली.

मग त्यानं तीनच शब्दांचा बोर्ड केला. सीताफळं. पुढं सावली. बस, एवढाच. आणि तो झाडाजवळ नाही लावला, झाडाच्या बराच अलीकडं लावला.

मी म्हणलं, "हमीदभाई, सावली इकायला ठेवली का तिनं?"

"दादाराव, मे महिन्यासारखं ऊन आश्विनात पडतंय. गाडीत पोरं रडत असतेत. थांबायचं सगळ्यांना असतंय, कुठं थांबावं ते कळत न्हाई. मी तेवढं सांगितलं. अलीकडं लावला, कारण मन झाल्यावर बी गाडी थांबायला जागा लागती."

गाड्या थांबू लागल्या. सावलीला थांबलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही.

हळूहळू लोक त्याच्याकडं बोर्ड सोडून बाकीचे कागदही घेऊन येऊ लागले. तो काही अर्ज लिहिणारा नव्हता. स्वतः हातानं लिहून देत नव्हताच, बसवून लिहायला लावायचा. एकदा नांदूरघाटकडचा एक माणूस आला. पोरीचं लग्न होतं आणि सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं. भावाला पत्र लिहून आणलेलं, चार पानं. बांध कुणी कोरला, आई आजारी असताना कोण आलं नाही, सगळं तारीखवार. हमीदनं चारी पानं वाचली. घडी घालून परत दिली.

"वाचून त्यानं काय करावं?"

"लग्नाला यावं."

"ह्याच्यात लग्न चौथ्या पानावर हाय. तिथवर यायच्या आत तो कुऱ्हाड घेऊन बांधावर जाईल."

माणूस रडवेला झाला. "पण हमीदभाई, माझं खरं हाय सगळं."

"खरं हाय. तुझ्यापाशी ठिव. त्याला फक्त बोलीव."

शेवटी पत्र झालं दोन ओळींचं. पोरीचं लग्न अमुक दिवशी आहे. तू मांडवात उभा राहिल्याशिवाय ती बोहल्यावर चढणार नाही म्हणते. भाऊ आला की नाही हे मी मुद्दाम विचारलं होतं. आला. उशिरा आला, जेवला, फारसा बोलला नाही. पण आला.

आता माझं सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हमीद पुरा होत नाही.

आमचं गाव मांजरसुंबा ते पाटोदा रस्त्यापासून आत आहे. रस्त्याला आमचा फाटा आहे, पण फाट्यावर बसचा थांबा मंजूर नव्हता. गावात शाळा दहावीपर्यंत. पुढं कॉलेजला जायचं तर पाटोदा. सकाळी साडेसातची बस मनात आलं तर थांबायची, नाही तर निघून जायची. मग पोरी काळीपिवळी जीपमध्ये जायच्या, माणसांच्या गर्दीत उभ्या राहून, कधी मागं लोंबकळून. माझी नात शीतल अकरावीला होती. माझा मुलगा संतोष एक दिवस जेवताना म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. न्हाई तर बंद. पोरगी रोज जीपला लोंबकळलेली मला बघवत न्हाई." शीतल भाकरी मोडत राहिली. दोन घरांनी आधीच पोरी काढल्या होत्या.

मी म्हणलं, मी सरपंच राहिलेला माणूस आहे, बसचा थांबा मी आणतो. अर्ज मीच सांगितला, एका मास्तरानं लिहून घेतला. आमच्या गावाची एक रीत आहे. अर्जावर सह्या साऱ्या गावाच्या घ्यायच्या, आणि ज्याची सही त्याची मागणी अर्जात घालायची. एकाचं घेतलं आणि दुसऱ्याचं नाही घेतलं तर तो जन्मभर धरून बसतो. त्यामुळं अर्ज झाला दोन पानांचा, मागण्या अकरा. पहिली नालीची, कारण नालीवाला सोसायटीचा चेअरमन होता. मग स्मशानाचं कुंपण, जनावरांचा दवाखाना, पुलाचा कठडा. बसचा थांबा सातवा. सुरुवात मी स्वतः सांगितली होती आणि मला तिचा फार अभिमान होता. आदरणीय, कर्तव्यदक्ष, कार्यतत्पर, गोरगरिबांचे कैवारी डेपो मॅनेजर साहेब यांचे सेवेशी. मास्तर म्हणाला होता, "सरपंच, असं मला बी जमलं नसतं."

दीड महिन्यानं उत्तर आलं. आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव बांधकाम विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे. त्या साहेबाची तरी काय चूक? त्यानं वर नाली बघितली आणि नालीवाल्यांकडं पाठवून दिला.

मी ठरवलं, अर्ज मोठ्या कागदावर, सुंदर अक्षरात, रंगीत करून घ्यावा, मग बघू कसा वाचत नाहीत. तो घेऊन मी पाटोद्याला हमीदकडं गेलतो.

त्यानं कागद हात लांब करून धरला. वाचला. उलटा करून मागची बाजू वाचली.

"ह्याच्यात पोरी कुठं हायत, दादाराव?"

"सातव्या मागणीत. दुसऱ्या पानावर."

"आन् खऱ्या कुठं उभ्या हायत?"

"फाट्यावर."

"सगळ्याच्या पुढं?"

"मग काय मागं?"

"तर कागदावर कायकू मागं?"

मी म्हणलं, गावाची रीत आहे. त्यानं पेन्सिल घेतली आणि नालीपासून एकेक मागणी खोडत गेला. मी सोसलं. मग कर्तव्यदक्ष खोडलं, कार्यतत्पर खोडलं, कैवारी खोडलं. मला घाम आला पण सोसलं. मग शेवटी माझ्या सहीखाली माजी सरपंच होतं, तिथं पेन्सिल टेकवून म्हणाला, "हे वाचून गाडी थांबणार हाय का?"

मी कागद हिसकावला. म्हणलं, "रंगाऱ्यानं रंग लावावा. शहाणपण शिकवू नये."

त्यानं बाहीला ब्रश पुसला आणि कामाला लागला.

महिनाभर मी त्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. बाजाराला गेलो तरी भुशाच्या दुकानाला वळसा घालून जायचो, वास आला तर नाक दाबायचो. तोच अर्ज मी परत धाडला, वर आणखी दोन विशेषणं घालून. उत्तरच आलं नाही.

दिवाळी तोंडावर आली. एका सकाळी शीतल चूल पेटवताना दिसली. कॉलेजची वेळ होती. मी म्हणलं, "गाडीची येळ झाली की."

"जीप भरलेली होती आबा. परत आले."

"आन् पहिला तास?"

"आता सवय करते," ती म्हणाली आणि फुंकणी तोंडाला लावली.

त्याच दिवशी मी पाटोद्याला गेलो. शेडच्या दारात उभा राहिलो. काय बोलावं कळेना, म्हणून म्हणलं, "वास लई सुटलाय."

"आत या," हमीद म्हणाला. "चहा सांगतो."

अर्जाचं त्यानं नावच काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो आमच्या फाट्यावर हजर. काही लिहिलं नाही, पोरींच्या बाजूला उभा राहिला. बस आली, गेली. तिसऱ्या दिवशी तो मांजरसुंब्याला जाऊन तीच बस धरून आला, डायवरच्या मागच्या सीटवर बसून. आमच्या फाट्यावरून बस पुढं गेली तेव्हा त्यानं डायवरला विचारलं, "पोरी दिसल्या न्हाईत का, बेटा?"

डायवर चिडला. "चाचा, आधी वळण हाय. वळण संपलं की पोरी दिसतेत, तवर मी त्यांच्या अंगावर आलेलो असतोय. मागं टिप्पर. ब्रेक कुठं मारू? आन् थांबा मंजूर न्हाई, कंडक्टर बोंबलतोय ते येगळंच."

हमीद माझ्याकडं येऊन म्हणाला, "डायवर वाईट न्हाई. त्याला उशिरा कळतंय. दोन लिहिणी करू. एक कागद साहेबाला, एक बोर्ड डायवरला. एकाला सांगायचं ते दुसऱ्याच्या उपयोगाचं न्हाई."

कागद त्यानं शीतलला लिहायला लावला, माझ्या ओसरीवर. ती लिहायची, तो विचारायचा, खोडायला लावायचा. मला म्हणाला, तुमी गप बसा, आणि मी बसलो. झाला तो असा.

रोज सकाळी साडेसातला आम्ही नऊ मुली पाटोद्याच्या कॉलेजला जायला आमच्या फाट्यावर उभ्या असतो. गेल्या वर्षी अकरा होतो. इथं थांबा नसल्यामुळं बस थांबत नाही आणि आम्हाला जीपमध्ये उभं राहून जावं लागतं. सकाळच्या या एका बसला या फाट्यावर थांबा द्यावा. आमच्या नऊ जणींच्या पासची यादी सोबत आहे.

खाली नऊ सह्या.

मी म्हणलं, "ज्या दोघींचं बंद झालं, त्यांचं जरा सविस्तर लिहा की. मन हललं पाहिजे साहेबाचं."

"अकराचे नऊ झाले. साहेबाला वजाबाकी येती," हमीद म्हणाला. "त्याची त्याला करू द्या. आपण करून दिली तर त्याचं मन कशाला हलंल?"

मग तो म्हणाला, खरं काम आता तुमचं. गावात जाऊन सांगायचं की ह्या अर्जावर पोरींशिवाय कुणाची मागणी नाही, कुणाची सही नाही. ते काम किती अवघड होतं हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मी चेअरमनकडं गेलो. तो म्हणाला, "आमची नाली काय पाकिस्तानात हाय का?" दुसरा म्हणाला, "सही कुणाचीच न्हाई म्हणतो, बघ खाली माजी सरपंच असंलच." मी खिशातला कागद काढून दाखवला. त्यानं दोन वेळा वाचला. खालून वर, वरून खाली.

"तुमचं नाव न्हाई?"

"न्हाई."

"इसरलं का?"

"न्हाई. काढलं."

त्यानंतर कुणी आपली मागणी पुढं केली नाही. मी गावात आयुष्यभर भाषणं केली, पण काढलं हा एक शब्द जेवढा चालला तेवढं माझं दुसरं काही चाललं नाही.

कागद द्यायच्या आधी हमीदनं तो बाजारातल्या एका चांभाराला वाचायला दिला. त्याचा आमच्या गावाशी काही संबंध नव्हता. "काय मागितलंय ह्याच्यात?" चांभार म्हणाला, "सकाळची गाडी थांबवा म्हणतेत पोरी." हमीदनं कागद शीतलच्या हातात दिला. "जा. झाला."

ही त्याची कायमची पद्धत होती. बोर्ड असो, कागद असो, ज्याला त्यातलं काही माहीत नाही अशा एखाद्याला रस्त्यावरून धरून आणायचा. पण ते कशासाठी, हे मला कळलं डायवरच्या बोर्डाच्या वेळी.

वळणाच्या अलीकडं त्यानं पत्रा उभा केला. मजकूर मला आधीच सांगितला होता. वळणापुढं, आणि खाली, मुली उभ्या आहेत. मी म्हणलं, "गाडी थांबवा, असं कावून न्हाई लिहीत?"

"हुकूम दिला की डायवरचा पाय उलटा पडतो. पुढं काय हाय ते सांगा. पाय त्याचा त्यो काढील."

मग मला रस्त्यानं मागं चालत जायला लावलं, पार लांबच्या बाभळीपर्यंत. बाभळीजवळ मी उभा राहिलो. तो पत्र्यापाशी वाकला, ब्रश चालवला आणि बाजूला झाला. तिथून ओरडला, "दिसतंय का?"

"दिसतंय!"

"काय दिसतंय?"

"वळणापुढं मुली उभ्या आहेत!" मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"चकचकीत दिसतंय?"

"चकचकीत!"

त्यानं मला हातानं बोलावलं. जवळ गेलो. पत्र्यावर वरची ओळ होती, वळणापुढं. खालची जागा कोरी होती.

"दुसरी ओळ मी अजून लिव्हलीच न्हाई, दादाराव."

मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं. नजर कमी झाली होती हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. तो हसला नाही. काठी हाताखाली घेतली, दुसरी ओळ आखली आणि रंगवता रंगवता म्हणाला, "डोळ्याचा दोष न्हाई. ज्याला आधीच माहीत असतंय त्याला सगळंच दिसतंय. तुमचा कर्तव्यदक्ष अर्ज बी तुमाला तसाच दिसत होता." मग तिकडून एक मेंढरावाली बाई येत होती, तिला बाभळीपाशी थांबवलं. तिला वाचता येत नव्हतं. मग तिच्या मागून आलेल्या सायकलवाल्याला थांबवलं. तो डोळे बारीक करून म्हणाला, "वळणापुढं मुली... पुढचं पुसट हाय." हमीदनं शेवटची अक्षरं जाड केली.

डेपोतल्या साहेबानं तो कागद उभ्या उभ्या वाचला, असं शीतलनं सांगितलं. वाचून विचारलं, "त्या दोघी आता काय करतात?" शीतल म्हणाली, "एकीचं लगीन ठरलंय. एक घरी हाय." साहेबानं कागद बाजूला ठेवला. तेरा दिवसांनी थांबा मंजूर झाल्याचं पत्र आलं. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी मी फाट्यावर एका झाडामागं उभा होतो, पोरींना दिसू नये असा. बस वळणाअलीकडंच हळू झाली, आवाजावरनं कळलं. वळली आणि पोरींसमोर थांबली. दहा पोरी चढल्या. घरी बसलेली ती एक परत आली होती.

नाली अजून तशीच आहे. चेअरमन मला अजून बोलून दाखवतो.

शीतल आता नर्सिंगला आहे. तिनं मला पहिली चिठ्ठी लिहिली ती तीन ओळींची होती. मी विचारलं, "एवढुशी?" तर म्हणाली, "आबा, तुमाला काय हवं होतं ते तिन्ही ओळीत हाय." होतंच. पोहोचले, जेवले, खोली चांगली आहे.

फ्लेक्स आल्यावर हमीदचं काम बसलं. शेड त्यानं सोडलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, फ्लेक्समध्ये जागा फुकट असती, म्हणून लोक ती भरतेत. तक्रार नव्हती, नुसतं निरीक्षण होतं.

मी त्याला शेवटचं बघितलं ते मागच्या थंडीत, दुपारी. फाट्यावर गेलो तर तो वळणाअलीकडं बोर्डापाशी. ऊन खाऊन बोर्ड फिका पडला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पैसे कुणी देणार नव्हतं, स्वतःचा डबा घेऊन पाटोद्याहून आला होता. उजवं मनगट डाव्या हातानं धरून तो अक्षरावरून ब्रश फिरवत होता. मी शेजारी उभा राहिलो.

पहिली ओळ झाली तसा तो उलट्या पावलांनी मागं मागं चालत गेला, वाचायला. रस्त्याच्या कडेनं, तोल सांभाळायला हात पुढं करून. तेवढ्यात बस आली. डायवरला वाटलं म्हातारा हात करतोय. बस थांबली.

"चाचा, यायचंय का?"

"न्हाई. बोर्ड वाचता येतोय का तेवढं सांग."

डायवर हसला. "मला काय इचारता? मला न वाचता ठाव हाय, हितं पोरी असतेत."

"मग तू बाद," हमीद म्हणाला. "जा."

बस गेली. मी म्हणलं, "हमीदभाई, त्याला ठाव हाय म्हणतो. मग कशाला एवढी मेहनत? बोर्डाचं काम झालं."

"हा डायवर उद्या बदलंल," तो म्हणाला आणि दुसरी ओळ घेतली.

ती व्हायला बराच वेळ लागला. मग त्यानं मला बाभळीकडं बोट केलं. मी चालत गेलो, आता काठी टेकत. बाभळीपाशी वळून उभा राहिलो. तो बाजूला झाला आणि ओरडला, आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता, "दिसतंय का?"

मला वरची ओळ अंधूक दिसत होती. खालची मनात पाठ होती.

"मला नका इचारू," मी ओरडलो. "मला माहीत हाय!"

तो खूप हसला. एवढा हसला की खोकला आला. मग डब्याला झाकण लावलं, हळूहळू माझ्याकडं चालत आला आणि बाभळीच्या मुळाशी बसला. मीही बसलो. तंबाखूची डबी त्यानं पुढं केली. आणि आम्ही दोघं रस्त्याकडं बघत राहिलो, ज्याला काहीच माहीत नाही असं कुणी येतंय का त्याची वाट बघत.